जवळ्याच्या मिशा

बसा हो, चहा टाकलाय. उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. नाहीतरी नवापूरला गेलात तर कुणीही सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

तर मी बोईसरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर नमुने बघायचे, पास की नापास ते लिहायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या विभागातला एक जण बदली होऊन गेला आणि जाताना त्याचा जुना कॅमेरा जवळजवळ फुकट माझ्या गळ्यात मारून गेला. तिथून माझ्यातला कलावंत जागा झाला. तो झोपलेलाच बरा होता, असं माझ्या बायकोचं, योगिताचं, मत आहे. मत कसलं, निकालच म्हणा.

मला वेड लागलं ते मॅक्रोचं. मॅक्रो म्हणजे काय? तर मुंगीचा फोटो असा काढायचा की तिच्या पायावरची लव मोजता आली पाहिजे. त्यासाठी खास लेन्स मिळते. तिची किंमत ऐकून मी दुकानदाराला ‘बघून येतो’ म्हणालो, तो अजून बघतोच आहे. पण इंटरनेटवर एका भल्या माणसाने सांगून ठेवलं होतं, की साधीच लेन्स कॅमेऱ्याला उलटी लावा, झाली मॅक्रो! मधे एक स्वस्तातली कडी लागते, ती कुरियरने मागवली. फ्लॅशचा उजेड मऊ व्हावा म्हणून आइस्क्रीमचा पांढरा डबा कापून त्याच्यापुढे लावला. एवढ्यावर मी निसर्गाची रहस्यं उलगडायला मोकळा!

एकच अडचण. उलट्या लेन्सला फोकस असा फिरवता येत नाही. माणसालाच मागेपुढे डुलावं लागतं. श्वास रोखून केसभर पुढे, केसभर मागे. बघणाऱ्याला वाटतं, ह्याच्या अंगात येतंय.

“हे काय?” योगिताने एकदा माझा फोटो बघून विचारलं.

“माशीचा डोळा.”

“कुठली माशी?”

“आपल्याच ओट्यावरची.”

“म्हणजे माशी ओट्यावर बसली होती, आणि तुम्ही तिला हाकलायचं सोडून फोटो काढत होता?”

कलेच्या वाटेवर हे असं चालायचंच.

बरं, आता मावशीकडे येतो. सुलोचनामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, इथून जवळच, समुद्रकाठच्या नवापूरला दिली आहे. तिच्या घरची होडी आहे, पण खरा कारभार मावशीचा. मे महिन्यात तिचं अंगण बघायला या तुम्ही. जवळा! पाय ठेवायला जागा नसते. आता तुमच्यात कुणी घाटावरचा असेल तर सांगतो, जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी, भुशासारखी हलकी सुकी कोळंबीची जात. दिसायला काही नाही, पण कांद्यावर परतला की शेजारचा माणूस ताट घेऊन येतो.

पावसाळ्याआधी हा सगळा माल खपलाच पाहिजे. एकदा हवा ओली झाली की जवळा नरमतो, वास धरतो, मग कुणी फुकटही नेत नाही. दरवर्षी मावशी बोईसरच्या बाजारात जमिनीवर पोतं अंथरून पंधरा-वीस दिवस बसते आणि खपवते. पण यंदा तिचा गुडघा सुजला. डॉक्टरने सांगितलं, मांडी घालून बसायचं नाही. आता बाजारात काय खुर्ची टाकून बसणार? गिऱ्हाइकाला माल खाली दिसला पाहिजे, हातात घेता आला पाहिजे.

आणि अशा वेळी देव पावला. नाशिकचे एक हॉटेलवाले, दिनकरशेठ. कुणाकडून तरी मावशीचा नंबर मिळाला, फोन केला. म्हणाले, “मावशी, सुका माल काय आहे त्याचे फोटो पाठवा. पसंत पडला तर सगळा एकदम उचलतो.”

सगळा एकदम! म्हणजे बाजार नाही, जमिनीवर बसणं नाही, गुडघ्याला आराम. मावशीने लगेच मला फोन लावला.

“बाला, तू त्यो मोटा कॅमेरा घेतलायस ना? रविवारी ये. फोटो काडायचा हाय. चांगला काड हां, माजा सगला माल त्याच्यावर हाय.”

‘चांगला काढ.’ कलावंताला ह्याहून जास्त काय लागतं? मी रविवारी सकाळीच हजर. मावशीने अंगणात जवळ्याचा छान ढीग करून ठेवला होता, बाजूला झाडू मारला होता, स्वतः नवी साडी नेसून ढिगाशेजारी उभी होती. तिला वाटलं, मी येईन, एक फोटो काढीन, चहा पिईन, जाईन.

मी ढिगाकडे पाहिलंसुद्धा नाही. ढिगाचा फोटो कोण काढतं? कुणीही काढतं! मी म्हटलं, “मावशी, भाकरीचा तवा दे.”

“भाकरी खातोस?”

“नाही गं. काळा पडदा पाहिजे.”

तवा उलटा घातला. मग ढिगात बसून जवळा निवडू लागलो. ह्याची शेपटी तुटलेली, त्याचा एक डोळा गेलेला. अर्ध्या तासाने एक सापडला. काय रूप होतं महाराजा! दोन्ही मिशा शाबूत, पाठीला नाजूक बाक, डोळे काळेभोर. त्याला चिमट्याने उचलून तव्यावर निजवला आणि मी स्वतः जमिनीवर पालथा पडून डुलायला लागलो.

मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी तिला राहवेना. “आरं, ह्यो येवडा ढीग पडलाय, आन तू येकट्या जवल्याला काय नटवतोस? त्याचं लगीन हाय काय?”

शेजारच्या दोघी कुंपणावरून हसत होत्या. मी लक्ष दिलं नाही. दीड तास लागला. पण फोटो असा आला, असा आला, की काय सांगू! सोनेरी अंग, कवचाची एकेक कडी वेगळी, मिठाचे कण हिऱ्यासारखे चमकताहेत आणि मिशा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मावशीला कॅमेऱ्यावर दाखवला. तिचा चष्मा घरात होता. डोळे बारीक करून म्हणाली, “काय तरी तांबूस दिसतंय. चांगला हाय ना?”

“मावशी, असा फोटो अख्ख्या पालघर जिल्ह्यात कुणी काढला नसेल.”

आणि हे अगदी खरं होतं. दुसरा कुणी असला मूर्खपणा करणार नाही.

तीन फोटो निवडले आणि माझ्या मोबाइलवरून शेठना धाडले. तिन्ही त्याच एका जवळ्याचे. खाली लिहिलं, ‘नवापूरचा माल. सुलोचनामावशीचा भाचा.’ दहा मिनिटांत शेठचा फोन. आवाज एकदम दबलेला.

“फोटो तुम्ही काढलेत?”

“हो, मीच.”

“खरे आहेत ना? म्हणजे मोबाइलमध्ये काही कारागिरी वगैरे...”

मला जरा रागच आला. “शेठ, जसं आहे तसं आहे. काडीचाही फेरफार नाही.”

“नाही, आम्ही इतकी वर्षं धंद्यात आहोत. पण असलं काही कधी नजरेला पडलं नाही हो.”

“पडणारच नाही! त्याला वेगळी नजर लागते.”

“आणि सगळा माल असाच?”

आता बघा, इथे मी क्षणभर थांबायला हवं होतं. पण मी कौतुकात पोहत होतो. म्हटलं, “शेठ, ह्याला निवडायला तेवढा वेळ लागला. पण जात एकच, होडी एकच, ऊन एकच. सगळे ह्याचेच भाऊ.”

शेठने मावशीला फोन द्यायला सांगितलं. मावशीने भाव सांगितला. मग शेठ इतक्या घाईने ‘चालेल, चालेल’ म्हणाले, की मावशीलाच वाटलं आपण कमी सांगितला. “सगळा माझा,” शेठ म्हणाले, “पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. तोवर मूठभरसुद्धा कुणाला देऊ नका.”

“शब्द दिला,” मावशी म्हणाली.

आणि मावशीने शब्द दिला म्हणजे दिला. होडीवरचा माल एकदा एकाला बोलला की दुसऱ्या दिवशी कुणी दुप्पट भाव घेऊन आला तरी त्याला पाणी पाजून परत पाठवायचं, ही तिच्या सासरची रीत. त्या आठवड्यात तिची नेहमीची गिऱ्हाइकं येऊन गेली. तारापूरच्या वसाहतीतल्या बायका रिक्षा करून आल्या, पालघरचा दुकानदार आला. सगळ्यांना एकच उत्तर. “औंदा नाय. माल दिला.” पालघरचा दुकानदार तर रुसून दुसऱ्या गावाहून घेऊन गेला.

इकडे मी कारखान्यात मोबाइल फिरवतोय. एका फोटोवर अख्खा माल गेला, हे जेवणाच्या सुट्टीत चार टेबलांवर चार वेळा सांगून झालं. घरी योगिताने ऐकून घेतलं, फोटो नीट पाहिला आणि विचारलं, “त्यांना कळलंय ना हा जवळा आहे ते?”

“योगिता! हॉटेलवाला आहे तो. जवळा ओळखणार नाही?”

“मला नसता ओळखता आला.”

“तुझं वेगळं.”

तिने मोबाइल परत माझ्या हातात दिला. तिचा तो प्रश्न मी तेव्हाच नीट ऐकायला हवा होता.

उजाडला रविवार. मावशीने चौदा पोती भरून, तोंडं शिवून, ओटीवर लावून ठेवली होती. टेम्पो आला. शेठ उतरले, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, माणूस एकदम आनंदात. मी कॅमेरा घेऊन तयार! माल हातात घेतानाचा फोटो काढायचा होता ना.

शेठने पोतं उचलून पाहिलं. पुन्हा उचलून पाहिलं. “हलकं आहे हो.”

“वालवलाय चांगला,” मावशी अभिमानाने म्हणाली. “पानी नाय टिपूसभर.”

पोत्याचं तोंड उघडलं. शेठने कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपला, बाहेर काढला. मग दुसरं पोतं. मग तिसरं.

“मावशी, हा वरचा भुसा कशाला घातलाय एवढा? खालचा माल दाखवा ना.”

“भुसा?”

“हे बारीक बारीक. माल दबू नये म्हणून घातलंय ना? फोटोतला माल कुठे आहे?”

मावशीचा चेहरा मी उभ्या जन्मात तसा पाहिला नव्हता. “शेट, डोल्यावर पानी मारून या. भुसा म्हनता? समिंदराच्या तोंडचा पयला जवला हाय ह्यो!”

“जवळा? मला जवळा कशाला? मी कोळंबी घ्यायला आलोय! ही... ही... ही बघा!” शेठने मोबाइल काढून तिच्यासमोर धरला. “ही एवढी मोठी! हिच्या मिशा बघा!”

मावशी आत गेली. चष्मा लावून आली. मोबाइल हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. मग पोत्यातून एक जवळा उचलून फोटोच्या शेजारी धरला. मग हळूच माझ्याकडे वळली.

“बाला, ह्ये काय हाय?”

“मॅक्रो,” मी म्हणालो.

“ते काय असतं?”

मी समजावून सांगितलं. उलटी लेन्स, कडी, आइस्क्रीमचा डबा, सगळं. जसजसा सांगत गेलो तसतसं मलाच ऐकवेना. सांगू का तुम्हाला, आमच्या कारखान्यात नमुन्याचा फोटो काढायचा तर शेजारी पट्टी ठेवायचा नियम आहे. नाहीतर माप कळत नाही. एकाने पट्टी ठेवली नाही म्हणून मागच्याच महिन्यात मी त्याला सगळ्यांसमोर झापला होता. तोच मी, काळ्याभोर तव्यावर एकटा जवळा निजवून जगाला दाखवत होतो, की बघा, केवढा!

“हा माणूस मला म्हणाला, काडीचाही फेरफार नाही!” शेठ ओरडले. “म्हणाला, सगळे ह्याचेच भाऊ! सरळ सरळ फसवणूक आहे ही. नाशिकहून टेम्पो घेऊन आलोय मी!”

मी तोंड उघडणार, तोच मावशीने हात वर केला. लंगडत लंगडत पुढे आली आणि अगदी शांतपणे विचारलं, “शेट, येक सांगा. तुमाला वाटलं ही येवडी मोटी कोलंबी. मंग म्या जवल्याचा भाव सांगटला, तवा तुमी गप का बसलात?”

शेठ मोबाइल खिशात घालू लागले.

“नाय, मला पन कलू दे की. येवड्या मोट्या कोलंबीला कोन ह्यो भाव लावंल? तुमाला वाटलं, म्हातारीला कलत नाय. व्हय ना?”

टेम्पोचा ड्रायव्हर इतका वेळ बिडी धरून ऐकत होता, तो एकदम खोकला आला म्हणून पाठमोरा झाला. खोकला कसला, हसत होता लेकाचा. शेठनी घाम पुसता पुसता गंधही पुसलं. बाईने मर्मावरच बोट ठेवलं. जाताना ‘असू द्या, असू द्या’ म्हणत दोन किलो जवळा घेतला, घरच्यापुरता. ड्रायव्हरने पाच किलो घेतला. टेम्पो रिकामा खडखडत गेला.

मावशी ओटीवर टेकली आणि गुडघा चोळू लागली. चौदा पोती तिच्या मागे तशीच. “माल परत बाजारात न्यायचा म्हंजे,” ती म्हणाली, “आठ दिस तर फुकट गेले. आन मी तितं बसू कशी?” ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. मला आतून इतकं वाईट वाटलं, की कॅमेरा गळ्यात जड झाला.

“मी बसतो,” मी म्हणालो.

“तू?”

“मी बसतो बाजारात. तू फक्त शेजारी खुर्चीवर बस.”

मग काय! कारखान्यात रजा टाकली, आणि तीन आठवडे, तुमचा हा कलावंत बोईसरच्या बाजारात पोत्यावर मांडी घालून. मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर मावशी, पाय स्टुलावर. पहिल्याच दिवशी आमच्याच कारखान्यातला एक कामगार समोर उभा. “अरे साहब! आप यहाँ? नौकरी छूट गयी क्या?” त्याला बिचाऱ्याला इतकी दया आली, की त्याने एक किलो घेतला आणि सुट्टे परतही मागितले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी चार जण पाठवले. सगळे दयेपोटी. मी कुणालाच खरं सांगितलं नाही. माल खपत होता ना!

तरी खोड काही जाईना. गिऱ्हाइकाला द्यायला मूठ भरली की एखादा देखणा जवळा दिसायचा, आणि मी त्याला डोळ्यासमोर धरून, श्वास रोखून, जरासा डुलायला लागायचो. समोरच्या बाईला वाटायचं, किडा सापडला. ती पिशवी मागे घ्यायची. मग खुर्चीवरून मावशीचा आवाज. “त्याच्याकडं नका बगू बाय. मालात काय नाय. त्योच तसा हाय.”

पण खपला हो! तेराव्या पोत्यानंतर मावशी पहिल्यांदा हसली. चौदावं निम्मं उरलं असताना एक बाई आल्या, जवळा हातात घेऊन बघितला, पसंत पडला. वजन करताना त्यांनी मावशीला विचारलं, “हा कोण? नवीन माणूस ठेवलात?”

“माजा भाचा हाय. कारखान्यात साह्यब हाय तसा. फोटो बी काडतो.”

“अगंबाई, खरंच?” बाईंचे डोळे चमकले. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्याकडे वळल्या. “चांगले काढता का हो? आमच्या मुलीचे काढायचे होते, स्थळांना पाठवायला. स्टुडिओवाले फार घेतात.”

मी तराजू खाली ठेवला. शपथेवर सांगतो, कलावंत पुन्हा जागा झाला होता. “काढतो की,” म्हणणार, तेवढ्यात मागून खुर्ची करकरली.

“नको गं बाय,” मावशी म्हणाली. “काडतो चांगला. पन मंग पाव्हनं टेम्पो भरून येतील, तुज्या पोरीला समोर बगतील आन इचारतील, फोटोतली कुटं हाय?”

बाईंनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, मोबाइल पिशवीत ठेवला, आणि जवळा मात्र अर्धा किलो जास्त घेतला.